चिंगीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का?

पत्र, थोडक्यात आणि नावं बदलून: ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्याकडे तीन वर्षांची पग आहे, चिंगी. बदलापूरकडच्या एका ब्रीडरकडून पेपर्ससकट घेतलेली. सोसायटीतल्याच एका गृहस्थांकडे त्याच ब्रीडरकडचा नर पग आहे. त्यांचा आग्रह आहे की दोघांचं मेटिंग करू, एक पिल्लू त्यांचं, बाकीची तुमची. पिल्लामागे पंधरा-वीस हजार सहज मिळतील. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला एकदा तरी आई होऊ द्यावं, नाहीतर पुढे गर्भाशयाचं दुखणं लागतं. नववीतल्या मुलाला चिंगीचं एक पिल्लू ठेवून घ्यायचंय, ती गेल्यावर तिची आठवण राहील म्हणून. पण लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर जाता जाता म्हणाले, "हिच्या नाकपुड्या बारीक आहेत, उन्हाळ्यात जपा." आणि पुण्यात शिकणारी भाची गणपतीत आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "मामी, तुम्ही पैसे मोजून एक आजारी जीव बनवून घेतलाय." तेव्हापासून ताईंना झोप नाही. पिल्लं होऊ द्यावीत का, आणि जातिवंत कुत्रा घेणंच चुकलं का, असं त्या विचारतात.

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. चिंगीला पिल्लं होऊ देऊ नका. आणि तिला घरी आणल्याबद्दल स्वतःला अपराधी समजू नका. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध जातात असं तुम्हाला वाटतंय, पत्रातली सगळी घालमेल त्यातूनच आली आहे. चिंगीवर माया करणं वेगळं आणि चिंगीसारखे आणखी जीव मुद्दाम जन्माला घालणं वेगळं. पहिल्या गोष्टीत तुम्ही कुठेच कमी पडलेल्या नाही. दुसरीबद्दल सविस्तर बोलू.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय: "घोरते खूप, पण पगच ती, घोरणारच." मी तिथेच थांबले. जागेपणी घुरघुर, झोपेत घोरणं, दोन मजले चढल्यावर धाप, हे सगळं आपण पगचा स्वभाव म्हणून स्वीकारलंय. प्रत्यक्षात तो अडलेल्या वाटेतून हवा ओढल्याचा आवाज असतो. माणसांनी पिढ्यानपिढ्या सपाट तोंडाची पिल्लं निवडत नेली तशी पगची कवटी आखूड होत गेली, पण आतला मऊ भाग, म्हणजे टाळू, जीभ, नाकातल्या घड्या, त्या मानाने लहान झाला नाही. गोधडी तीच राहिली आणि खोळ अर्ध्या मापाची शिवली. मग नाकपुडीची फट उरते बारीक, लांबलेला मऊ टाळू श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबतो, आणि प्रत्येक श्वास जोर लावून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं असा जोर लावला की स्वरयंत्राजवळचा भागही सुजून आत ओढला जातो. म्हणून तिसऱ्या वर्षी जे नुसतं घोरणं वाटतं ते सहाव्या-सातव्या वर्षी मोठं दुखणं होऊ शकतं.

हे तुमच्या एकट्याच्या नजरेतून सुटलेलं नाही. 2012 साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांमध्ये अडलेल्या श्वासाची लक्षणं रोजच्या रोज दिसत होती, त्यांच्या मालकांपैकी 58 टक्के लोकांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काहीच त्रास नाही असं सांगितलं होतं. ही प्रेमाने कुत्री पाळणारी माणसं होती. त्यांनी दुसरा पग पाहिला तर तोही तसाच घुरघुरत होता, मग वेगळं वाटावं तरी कसं? लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2022 मध्ये ब्रिटनमधल्या पगांची इतर कुत्र्यांशी तुलना केली. श्वास अडण्याचा हा विकार पगमध्ये सुमारे 54 पट जास्त आढळला. डोळ्याच्या बुबुळावरच्या जखमा सुमारे 13 पट, आणि चेहऱ्यावरच्या ज्या वळ्यांना आपण गोड म्हणतो त्यांच्यातला त्वचेचा संसर्ग सुमारे 11 पट. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येत नाही, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता.

आता आपल्या हवेचं बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि नाकातला ओलावा उडून जातो आणि त्याने शरीर थंड होतं. चिंगीच्या नाकात त्यासाठी पुरेशी जागाच नाही. त्यात ठाण्याच्या खाडीकाठची दमट हवा. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की जिभेवरचा नीट उडत नाही. डॉक्टरांचं "उन्हाळ्यात जपा" हे दोन शब्दांचं वाक्य तुम्ही फार गांभीर्याने घ्यावं असं मला वाटतं.

पुढचा आठवडाभर तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. झोपताना ती हनुवटी सोफ्याच्या दांडीवर किंवा एखाद्या खेळण्यावर टेकवते का? बसल्या बसल्या डुलक्या घेते का? झोपेतून दचकून उठते का? खाल्ल्यावर फेस ओकते का? पाचेक मिनिटं खेळल्यावर श्वास सरळ व्हायला किती वेळ लागतो? झोपेतल्या आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर ती काही झोपून दाखवणार नाही. केंब्रिज विद्यापीठात यासाठी एक सोपी तपासणी ठरवली गेली आहे. आधी स्टेथोस्कोपने श्वास ऐकायचा, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडकं पळवायचं आणि पुन्हा ऐकायचं. त्यावरून 0 ते 3 अशी श्रेणी देतात आणि 3 श्रेणीच्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊच नयेत असं सांगतात. पळवून आधी-नंतर श्वास ऐकणं तुमचे डॉक्टरही करू शकतात. त्यांना स्पष्ट विचारा: "हिचा त्रास कितपत आहे? ऑपरेशनची गरज आहे का?" मालकाला वाईट वाटेल म्हणून बरेच डॉक्टर अर्धंच बोलतात. तुम्ही विचारलंत की ते पूर्ण बोलतील.

सासूबाईंचं म्हणणं तुम्ही पत्रात काहीशा संकोचाने लिहिलंय, पण ते मायेपोटी आलेलं आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कुत्री हीटवर, म्हणजे माजावर येते तेव्हा शरीरातल्या संप्रेरकांमुळे तिला नराची ओढ लागते. हीट संपली की ओढ संपते. आपण आई झालो नाही ही खंत तिच्या मनात उरत नसते. आणि एक वेत झाल्याने गर्भाशय निरोगी राहतं हा समज तर भरवशाचा नाही. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. हीटनंतर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, कधी मागून स्राव येतो, कधी तोही येत नाही. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर ती दगावते. एकदा पिल्लं होऊन गेली म्हणून हे टळत नाही. गर्भाशय काढून टाकलं की टळतं. सासूबाईंची काळजी खरीच असेल, आणि ती खरीच आहे, तर तिचं उत्तर नसबंदी हे आहे.

बाळंतपणाचाही विचार करा. साधारण 63 दिवसांचं गरोदरपण. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत फुगलेलं पोट छातीच्या पडद्यावर दाब देतं, आणि हिला मुळातच श्वास पुरत नाही. पिल्लांची डोकी गोल आणि मोठी असतात. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगची 80 टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने होतात असं ब्रिटनमधल्या 2010 च्या एका पाहणीत दिसलं होतं. पगमध्ये प्रमाण तेवढं नाही, पण रात्री दोन वाजता घोडबंदर रोडवरून उघडा दवाखाना शोधत निघायची वेळ येऊ शकते, हे धरून चालावं लागेल. भूल दिलेल्या पगला शुद्धीवर आणताना श्वासाची वाट बंद होण्याचा धोका असतो तो वेगळाच. शिवाय चपट्या तोंडाच्या आईला पिल्लाभोवतीची पिशवी फाडणं, नाळ तोडणं नीट जमत नाही, ते माणसालाच करावं लागतं. दूध कमी पडलं तर दर दोन-तीन तासांनी बाटली. हे सगळं घरात कोण करणार? पत्र वाचून मला तरी उत्तर दिसतंय, तुम्हीच.

सोसायटीतल्या त्या गृहस्थांचा नर त्याच ब्रीडरकडचा आहे, हे तुम्ही सहज लिहून गेलात. बहुतेक ब्रीडरकडे मोजकेच नर असतात, त्यामुळे ही दोघं सावत्र किंवा सख्खी भावंडं असण्याची चांगलीच शक्यता आहे. जवळच्या नात्यात पिल्लं घेतली की लपून राहिलेले दोष दोन्हीकडून येऊन उघडे पडतात. पगच्या बाबतीत ही अडचण जगभर आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2008 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदणीकृत पगांच्या वंशावळी तपासल्या. कुत्री हजारोंनी, पण त्यांच्यातलं आनुवंशिक वैविध्य जेमतेम 50 कुत्र्यांइतकं होतं. बाहेरून गुबगुबीत दिसणारी ही जात आतून इतकी आटलेली आहे.

आणि ते पेपर्स. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कुत्र्यांची नोंदणी होते. या कागदावर आई-बाप, आजे-पणजे कोण हे लिहिलेलं असतं. त्यातल्या कुणाला नीट श्वास घेता येत होता का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. पेपर्स म्हणजे तब्येतीची हमी, असं समजून माणसं जास्त पैसे मोजतात. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, कारण पैसे तुमचा मुद्दा नाहीत हे कळतंय. एवढंच सांगते की विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "घरातल्या घरात एकदाच" असं म्हणत जे चालतं त्यातलं बरंचसं या नियमांत बसत नाही.

तुमच्या मुलाचं काय करायचं, यावर मी जास्त विचार केला. चौदा वर्षांच्या मुलाला आपली चिंगी एक दिवस जाणार हे आत्ताच कळलंय आणि त्यावर त्याने एक उपाय शोधलाय. त्याला रागावू नका, हसूही नका. पण खरं सांगा. चिंगीचं पिल्लू म्हणजे चिंगी नव्हे. त्याचा स्वभाव वेगळा असेल, लकबी वेगळ्या असतील. नाकपुड्या मात्र तिच्यासारख्या असण्याची शक्यता बरीच आहे. आणि उरलेल्या तीन-चार पिल्लांचं काय, हा प्रश्न त्यालाच विचारा. ती कुणाच्या तरी घरी जातील, तिथे कुणी त्यांना दुपारी बाल्कनीत बांधून ठेवेल, कुणी पुन्हा त्यांच्यापासून पिल्लं काढेल. त्यावर आपला काहीही ताबा राहणार नाही. नववीतल्या मुलाला हे समजतं. त्याला डॉक्टरांकडे सोबत न्या, स्टेथोस्कोपमधून तिचा श्वास ऐकू द्या. सासूबाईंनाही न्या. सुनेने सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं घरात जास्त चालतं, आणि त्यात त्यांचा मानही राहतो.

आता भाचीचा आरोप. ती जे बोलली त्यात तथ्य आहे, पण तिने ते चुकीच्या माणसाला ऐकवलं. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1745 मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवला होता. त्या पगला चांगलं पुढे आलेलं नाक आहे, पायही लांब आहेत. पुढे 1873 मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, कुत्र्यांची प्रदर्शनं वाढली, कोणती जात कशी दिसावी याची मापं ठरली आणि बक्षिसं त्या मापांना मिळू लागली. तोंड सपाट होत गेलं ते माणसांना बाळासारखा चेहरा आवडतो म्हणून. आपल्याकडे 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो छोटा पग मुलाच्या मागे मागे चालला आणि घरोघरी पग हवा झाला. तुम्ही या साखळीच्या अगदी शेवटी उभ्या आहात. तुमच्यापुढे आज जो निर्णय आहे तो साखळी पुढे न्यायची की नाही एवढाच, आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

भाचीला हेही सांगा की "जातिवंत कुत्रा म्हणजे पाप" इतकं सरळ हे प्रकरण नाही. डाल्मेशियन जातीत मूत्रखड्यांचा आनुवंशिक दोष होता. 1973 मध्ये अमेरिकेत एका आनुवंशिकी तज्ज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, दोष गेला. शुद्ध रक्ताच्या नावाखाली अमेरिकन केनेल क्लबने मात्र त्या कुत्र्यांना 2011 पर्यंत नोंदणीत नीट जागा दिली नाही. नेदरलँड्समध्ये डोक्याच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश नाक नसलेल्या कुत्र्यांपासून पिल्लं काढायला आता मनाई आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या प्रजननावरची बंदी कायम केली, कारण हृदयाचे आणि मेंदूचे विकार त्या जातीत जवळपास सगळीकडे पसरले आहेत. दुसऱ्या जातीशी काळजीपूर्वक संकर करायला मात्र तिथे वाट मोकळी आहे. म्हणजे कुत्र्याची जात आवडणं हा गुन्हा नाही. तिच्या दिसण्यासाठी तिचा श्वास पणाला लावणं चूक आहे. आणि देशी कुत्रा घेतला की सगळं बिनघोर, असंही भाचीने समजू नये. गोचीडताप त्यांनाही होतो. लातूरकडच्या पश्मीसारखे धावण्यासाठी जोपासलेले आपले कुत्रे टू-बीएचकेत कोंडले तर त्यांचेही हालच.

मग आता नेमकं काय करायचं? चिंगीची हीट होऊन दोन-तीन महिने झाले की नसबंदी करून घ्या. त्याआधी नाक आणि टाळू तपासून घ्या. गरज असेल तर नाकपुड्या रुंद करणं आणि टाळू आखूड करणं हे एकाच भुलीत करता येईल का, ते विचारा. दवाखाना निवडताना एवढं बघा की ऑक्सिजन आहे का, भुलीत हृदय आणि श्वासावर नजर ठेवणारं यंत्र आहे का, आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कुणी तिच्या शेजारी थांबणार आहे का. जवळचा दवाखाना सोडून लांब जावं लागलं तरी जा. तोवर हीट आली तर तिला कायम पट्ट्यावर ठेवा आणि त्या नराच्या फिरायच्या वेळा टाळा. पट्टा गळ्यात नको, हार्नेस वापरा. वजन कमी करा, पगच्या श्वासासाठी घरच्या घरी करता येण्यासारखा सगळ्यात मोठा उपचार तोच आहे. सासूबाई पोळीचा तुकडा देत असतील तर तो रोजच्या खाण्यातून वजा करा. फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिरा. जीभ निळसर दिसली किंवा धाप थांबेना, तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली धरा आणि लगेच निघा.

त्या शेजाऱ्यांना काय सांगायचं, याचंही दडपण तुमच्या पत्रात दिसलं. लांबण लावू नका. "डॉक्टरांनी नको म्हटलंय, नसबंदी करतोय," एवढं पुरे. त्यांच्या नराचाही श्वास तपासून घ्यायला सांगा, जमलं तर त्याच दिवशी दोघांना एकत्र न्या.

घरात दुसरा जीव हवाच असेल, तर चिंगीची सगळी ऑपरेशनं आटोपू द्या. मग एखादा मोठा, शांत, नसबंदी झालेला कुत्रा दत्तक घ्या. तुमच्या गेटवर वॉचमनजवळ बसणाऱ्यांपैकीच एखादा असू शकतो. आधी महिनाभर दोघांना बाहेर एकत्र फिरवा आणि पटतंय का बघा.

हे वाचून कुणी दुसरं पिल्लू घ्यायला निघालं असेल, ठाण्यात असो की नेरुळ-खारघरला, तर त्यांच्यासाठीही थोडं. पिल्लाची आई तिच्या राहत्या जागेत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ती दहा मिनिटं चालल्यावर कसा श्वास घेते ते कानाने ऐका. हायवेवर येऊन पिल्लू हातात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, तेही दोन वर्षांचे झाल्यावर काढलेले. "टी-कप" (म्हणजे अगदी चिमुकला), "दुर्मिळ रंग" हे शब्द ऐकले की परत फिरा. दोन मर्ल रंगाच्या, म्हणजे फिकट अंगावर गडद डागांच्या कुत्र्यांच्या मेळातून बहिरी, आंधळी पिल्लं जन्मू शकतात, आणि विकताना तोच रंग महाग असतो. हस्की किंवा सेंट बर्नार्ड एसीत ठेवू, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातल्या एका लोडशेडिंगचा विचार करावा.

ताई, शेवटचं एक काम. चिंगीचा तपासणीचा रिपोर्ट आला की त्याची एक प्रत त्या ब्रीडरला पाठवा. सोबत चार ओळी लिहा: "तुमच्याकडच्या पिल्लाला श्वासाचा असा त्रास आहे, तिच्या आई-बापांपासून पुढे पिल्लं घेऊ नयेत." भांडायला जाऊ नका, पैसे परत मागू नका. मालक तक्रार करत नाहीत, म्हणून ब्रीडर म्हणतात आमची सगळी पिल्लं ठणठणीत आहेत. त्याने उत्तर दिलं नाही तरी पाठवा. त्याच वेतातली पिल्लं ज्यांच्याकडे गेली असतील त्यातलं कुणी ओळखीचं निघालं, तर त्यांनाही कळवा.